फेलोशिपचा अर्ज: अमेरिकी शहरांतल्या विषमतेवर लिहू पाहणाऱ्या नव्या पत्रकारांसाठी

अमेरिकेत पत्रकारिता शिकणाऱ्या, नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या किंवा तिथेच वाढलेल्या मराठी घरांतल्या तरुण मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो: ‘श्वेतेतर पत्रकारांसाठी फेलोशिप असतात, त्यात आपण बसतो का?’ बसता. भारतीय वंशाचे पत्रकार त्या व्याख्येत येतात, यात वाद नाही. पण नुसतं बसून काही पदरात पडत नाही. निवड समितीला हवा असतो एक प्रश्न: एका शहरातला, शक्यतो एका वस्तीतला, आणि सहा महिन्यांत खणून उत्तर काढता येईल असा. ज्याच्याकडे तो असतो त्याचा अर्ज गठ्ठ्यात वर येतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग तो प्रश्न कसा शोधायचा आणि कसा मांडायचा यावर आहे. बायोडेटाचे सोपस्कार जाता जाता सांगते.

भारतात बसून अर्ज करण्याचा विचार असेल तर आधीच सांगितलेलं बरं: यातल्या बहुतेक फेलोशिप अमेरिकेत राहून तिथल्या शहरांवर लिहिणाऱ्यांसाठीच आहेत.

या फेलोशिप आल्या कुठून

१९६७च्या उन्हाळ्यात न्यूअर्क, डेट्रॉइटसह अनेक शहरं वांशिक दंगलींनी पेटली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८च्या अहवालात एक अख्खं प्रकरण वृत्तमाध्यमांसाठी राखलं. कृष्णवर्णीय वस्त्यांत माणसं कशी जगतात हे आतून जाणणारं न्यूजरूममध्ये जवळजवळ कोणी नाही, हा त्याचा मुख्य आक्षेप. संपादकीय नोकऱ्यांत कृष्णवर्णीय तेव्हा ५ टक्क्यांच्याही आत होते. पुढे १९७८ मध्ये अमेरिकी संपादकांच्या संघटनेने ठरवलं की २००० सालापर्यंत न्यूजरूममधलं अल्पसंख्याकांचं प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणाइतकं करायचं. साल आलं आणि गेलं, उद्दिष्ट कागदावरच राहिलं. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२२च्या पाहणीत ७६ टक्के पत्रकार गोरे निघाले, आशियाई जेमतेम ३ टक्के.

या मधल्या काळात ज्यांनी प्रत्यक्ष माणसं तयार केली त्या संस्थांची नावं तुम्हाला तोंडपाठ हवीत. रॉबर्ट मेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली प्रशिक्षण संस्था आता मेनार्ड इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. शोधपत्रकारितेसाठी २०१६ पासून आयडा बी. वेल्स सोसायटी आहे. कृष्णवर्णीय पत्रकारांची संघटना १९७५ची, आशियाई-अमेरिकी पत्रकारांची १९८१ची आणि आपल्यासाठी सगळ्यात जवळची म्हणजे दक्षिण आशियाई पत्रकारांची ‘साजा’, १९९४ पासूनची. सभासद व्हा. फेलोशिपच्या अर्ध्याअधिक बातम्या या संघटनांच्या ईमेल यादीतूनच कळतात, आणि आधी ती फेलोशिप केलेला माणूसही तिथेच भेटतो.

आर्थिक विषमता आणि शहर या दोन्हींवर एकत्र काम करणारी ठिकाणं मोजकी. फिलाडेल्फियाची ‘नेक्स्ट सिटी’ ही ना-नफा वृत्तसंस्था त्यातली ठळक. ऑस्कर पेरी अबेयो तिथे २०१५-१६ मध्ये ‘इक्विटेबल सिटीज फेलो’ होते. पुढे ते तिथेच संपादक झाले आणि नंतर आर्थिक न्यायाच्या विषयाचे ज्येष्ठ वार्ताहर. बँका, पतसंस्था, कामगारांच्या मालकीच्या सहकारी कंपन्या, म्हणजे ज्या विषयांवर इतर वार्ताहर जांभया देतात, त्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलंय. अर्ज करण्याआधी त्यांचे पंधरावीस लेख वाचा. या बीटवरचा (विषयक्षेत्रावरचा) लेख कसा बांधतात हे कुठल्याही कार्यशाळेपेक्षा त्यातून लवकर कळेल.

पहिली पायरी: आपल्याला कोणती फेलोशिप हवी ते ठरवा

एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

काही फेलोशिप म्हणजे मुदतीची नोकरीच. रिपोर्ट फॉर अमेरिका तरुण वार्ताहरांना स्थानिक न्यूजरूममध्ये पाठवते आणि पहिल्या वर्षी पगाराचा निम्म्यापर्यंतचा भार उचलते. प्रोपब्लिकाचं लोकल रिपोर्टिंग नेटवर्क २०१८ पासून स्थानिक न्यूजरूममधल्या पत्रकाराला एका मोठ्या शोधबातमीसाठी पगार देतं. मात्र त्यासाठी तुमच्या पाठीशी आधीच न्यूजरूम हवी.

काही एका बातमीपुरत्या असतात. बार्बरा एरनराइक यांनी २०१२ मध्ये सुरू केलेला इकॉनॉमिक हार्डशिप रिपोर्टिंग प्रोजेक्ट गरिबी आणि विषमतेवर लिहिणाऱ्या स्वतंत्र पत्रकारांना पैसे देतो. न्यूयॉर्कच्या क्यूनी पत्रकारिता विद्यालयातली मॅग्रॉ फेलोशिप आर्थिक विषयावरच्या मोठ्या लेखांसाठी १५,००० डॉलरपर्यंत देते. फंड फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम १०,००० डॉलरपर्यंत देतो. १९६९ मध्ये याच फंडाने सेमूर हर्श यांना दिलेल्या पहिल्या २५० डॉलरमधून व्हिएतनाममधल्या माय लाय हत्याकांडाची बातमी उभी राहिली. तेव्हा रक्कम लहान दिसली म्हणून नाक मुरडू नका.

काही शिकवणाऱ्या असतात. शिकागोच्या साउथ साइडवर २०१५ मध्ये सुरू झालेल्या सिटी ब्युरोची फेलोशिप नवख्यांनाही घेते. आणि काही विद्यापीठातल्या: हार्वर्डची नीमन, कोलंबियातली आर्थिक पत्रकारितेसाठीची नाइट-बॅजट. या मुरलेल्या पत्रकारांसाठी आहेत. पाचेक वर्षांचा अनुभव नसेल तर सध्या विसरा, अर्जाचा वेळ वाचेल.

अगदीच नवखे असाल, स्वतःच्या नावाने छापून आलेल्या चार बातम्याही नसतील, तर यातल्या कशाच्याही आधी सिटी ब्युरोचा ‘डॉक्युमेंटर्स’ उपक्रम पाहा. तो आता शिकागोपलीकडे डेट्रॉइट, क्लीव्हलँडसारख्या शहरांतही चालतो. नगर परिषद, शाळा मंडळ, गृहनिर्माण प्राधिकरण यांच्या जाहीर सभांना बसायचं, टिपणं काढायची, आणि त्याचे तासाप्रमाणे पैसे घ्यायचे. कामाला झगमगाट शून्य. पण झोनिंगच्या (कुठे काय बांधता येईल याच्या नियमांच्या) सुनावणीत कोण बोलतं, कोणाला बोलूच दिलं जात नाही आणि शेवटी मतदान कसं होतं, हे दहा सभांना बसलात की जे समजतं ते वर्गात समजत नाही. शिवाय पुढच्या अर्जात लिहायला खरं काहीतरी हाताशी येतं.

दुसरी पायरी: पात्रतेचा मजकूर आजचा वाचा

दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीने केलेल्या अर्जाची प्रत समोर ठेवून भरायला बसू नका. मजकूर बदललाय, आणि त्याला कारण आहे.

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात प्रवेशासाठी वर्णाचा विचार करण्यावर बंदी आणली. तो निकाल विद्यापीठांपुरता होता, पण तो खटला लढवणाऱ्यांच्याच विचारधारेच्या लोकांनी पुढे अनुदानांकडे मोर्चा वळवला. अटलांटाचा ‘फीअरलेस फंड’ कृष्णवर्णीय महिला उद्योजकांना २०,००० डॉलरची अनुदानं देत असे. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ती थांबवली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन योजनाच बंद झाली. वापरलेला कायदा कोणता? १८६६चा नागरी हक्क कायदा, जो गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून केला होता. पत्रकारितेतही हे नवं नाही. शाळकरी मुलांसाठीच्या ‘अर्बन जर्नालिझम वर्कशॉप’वर असाच दावा झाल्यावर २००७ मध्ये तो उपक्रम सर्व वर्णांच्या मुलांसाठी खुला करावा लागला होता.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा, की ‘फक्त श्वेतेतर’ ही अट बऱ्याच ठिकाणी आता सापडणार नाही. तिच्या जागी ‘ज्या समाजाबद्दल लिहिणार त्याच्याशी नातं असलेले’, ‘माध्यमांत कमी प्रतिनिधित्व असलेले’ अशी भाषा आली आहे. त्यामुळे तुमचं नातं काय, हे निबंधात शब्दांत सांगावं लागतं. रकान्यात खूण करून भागत नाही. माझ्या मते अर्जदाराच्या दृष्टीने हे फारसं वाईट झालेलं नाही. ज्यांनी या योजना बंद पाडल्या त्यांचा हेतू मात्र अर्थातच वेगळा होता.

आता व्हिसा. इथे मराठी मुलांची गाडी सर्वांत जास्त अडते, आणि फेलोशिपवाले या बाबतीत फारसं समजावत बसत नाहीत. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर हा परिच्छेद सोडा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकत असाल तर अभ्यासक्रम चालू असताना सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी) आणि संपल्यावर १२ महिन्यांची ओपीटी (शिकलेल्या विषयात काम करण्याची मुदतीची परवानगी) हे मुख्य मार्ग. तुमच्या विषयाशी संबंधित काम असेल आणि आठवड्याला किमान २० तास भरत असतील तर ओपीटीवर फेलोशिप करता येते, एकापेक्षा जास्त ठिकाणीही. पण बारा महिन्यांची फेलोशिप ओपीटीचे चार महिने उलटल्यावर सुरू होणार असेल तर शेवटचे चार महिने लटकतील. तारखा आधी जुळवून घ्या. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्यापुरतंच काम. रात्री बसून दुसऱ्या मासिकासाठी पैसे घेऊन लिहिणं चालत नाही. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एच-१बी मुळे एच-४ वर आलेल्यांना स्वतंत्र वर्क परमिट असल्याशिवाय अनुदान घेता येत नाही, आणि ते परमिट साधारणपणे जोडीदाराच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेली आय-१४० ही याचिका मंजूर झाल्यावरच मागता येतं. परदेशी माध्यमांचा ‘आय’ व्हिसा अमेरिकी वृत्तपत्रात काम करण्यासाठी नाहीच. अर्जाआधी संस्थेला दोन ओळींचा ईमेल टाकून स्पष्ट विचारा: ‘माझ्याकडे अमुक परवाना अमुक तारखेपर्यंत आहे, चालेल का?’ विचारल्याने कोणी बाद करत नाही. निवड झाल्यावर सांगितलंत तर मात्र सगळ्यांचाच वेळ वाया. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोला आणि गरज पडल्यास वकिलाचे तासाभराचे पैसे मोजा.

तिसरी पायरी: प्रश्न शोधा

‘मला गृहनिर्माणातल्या विषमतेवर लिहायचंय’ हा विषय झाला. समितीला विषय नको असतो. विषय त्यांनीच जाहीर केलेला असतो.

एक खरं उदाहरण घेऊ. फिलाडेल्फियात हजारो घरं अशी आहेत की ज्यांच्या मालकीच्या कागदावर मेलेल्या माणसाचं नाव आहे. आई गेली, मुलगी त्याच घरात राहते, कर भरते, छत गळलं की पातेलं लावते, पण कागद तिच्या नावावर झालेला नाही. मृत्युपत्र नव्हतं, भावंडं चार गावांना पांगलेली, कोर्टाचा खर्च परवडणारा नव्हता. प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्स या संस्थेच्या २०२१च्या अहवालात अशी १०,४०७ घरं मोजली गेली, एकूण किंमत १.१ अब्ज डॉलरच्या वर. ती जास्तकरून कमी उत्पन्नाच्या आणि कृष्णवर्णीय वस्त्यांत आहेत. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव आणि वारसनोंद रखडलेली, हे ज्याने घरात पाहिलंय त्याला इथे निराळं काही समजावून सांगायला नको. पुढचे परिणामही ओळखीचे: कर्ज नाही, विकता येत नाही, दुरुस्तीच्या सरकारी मदतीला अर्ज करायला गेलं तर मालकीचा पुरावा मागतात. पिढीजात संपत्ती असून नसल्यासारखी. आणि सही खोटी करून घर हडपणाऱ्यांची नजर अशाच घरांवर असते.

हा झाला विषय आणि त्याची पार्श्वभूमी. प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. शहरात असे गुंते सोडवायला मदतनिधी आहे. तो कोणापर्यंत पोचतो? अर्ज केल्यापासून कागद नावावर व्हायला किती महिने लागतात? कोणत्या टप्प्यावर लोक कंटाळून सोडून देतात? दुसऱ्या एखाद्या शहराने यासाठी कमी खर्चाची रीत काढली आहे का? यातला कुठलाही एक प्रश्न सहा महिन्यांच्या फेलोशिपला पुरेल.

प्रश्न शोधताना आपल्याकडे काय आहे जे दुसऱ्याकडे नाही, हेही पाहा. न्यूयॉर्कच्या टॅक्सी परवान्यांचा भाव २०१४ च्या सुमारास दहा लाख डॉलरच्या वर गेला होता. तो कोसळला तेव्हा कर्जाखाली चिरडले गेलेल्यांत दक्षिण आशियाई चालक मोठ्या संख्येने होते. २०२१ मध्ये त्यांनी उपोषण केलं आणि कर्जसवलत मिळवली. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सच्या चहाच्या टपरीवर हिंदी-उर्दूत गप्पा मारू शकणारा वार्ताहर अशा बातमीत कितीतरी पुढे असतो. तसंच सिएटलचं. पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांनी तिथल्या नगर परिषदेत १५ डॉलर किमान वेतनाची मोहीम लढवली, २०१४ मध्ये तो ठराव झाला. आणि २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घालणारं सिएटल हे अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. त्या बंदीखाली प्रत्यक्षात तक्रारी येतात का, कामाच्या ठिकाणी काय बदललं, हे खणायला जात कशी चालते हे घरातून ठाऊक असलेला पत्रकार लागतो.

चौथी पायरी: अर्जाआधी थोडं खणा

फेलोशिप मिळाल्यावर काम सुरू करू, असं म्हणणाऱ्यांचा अर्ज लगेच ओळखू येतो. दोन-तीन दुपारी घालवल्यात तरी पुरेसं हाती लागतं, तेही फुकट.

वरच्या उदाहरणात फिलाडेल्फिया शहराच्या मालमत्ता शोधाच्या संकेतस्थळावर जा आणि उत्तरेकडच्या एखाद्या गल्लीतली घरं एकेक करून उघडा. मालकाचं नाव, शेवटच्या विक्रीची तारीख, किंमत दिसते. किंमत १ डॉलर दिसली तर दचकू नका, कुटुंबातल्या कुटुंबात घर नावावर करताना तसंच लिहितात. लक्ष द्यायचं ते शेवटची विक्री पन्नास वर्षांपूर्वीची असलेल्या घरांकडे. ती नावं निधनवार्तांशी आणि वारसा नोंदणी कार्यालयातल्या नोंदींशी ताडून पाहा. नाव मृतांत आहे, वारसाची नोंद कुठेच नाही, आणि घरात दिवा जळतोय: दार वाजवायला हेच घर. अशी चार-पाच घरं सापडली की अर्जात लिहायला तुमचं स्वतःचं काही झालं.

गृहकर्जावर लिहायचं असेल तर १९७५च्या कायद्याने बँकांना द्यावी लागणारी गृहकर्जांची माहिती बघा. तिला सगळे ‘हमडा डेटा’ म्हणतात. काउंटी आणि वर्ष निवडून फाइल उतरवता येते. प्रत्येक ओळ म्हणजे एक कर्जअर्ज: रक्कम, अर्जदाराचं उत्पन्न, वर्ण, जनगणनेचा विभाग, आणि निकालाचा कोड. १ म्हणजे कर्ज दिलं, ३ म्हणजे नाकारलं. नकाराचं कारणही कोडमध्ये असतं. ४ आला तर घराची तारण म्हणून किंमत पुरेशी मानली नाही. सारख्या उत्पन्नाच्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय अर्जदारांना वेगळं करून नकारांचं प्रमाण काढलंत की चित्र दिसायला लागतं. मात्र लगेच ‘बँक भेदभाव करते’ असं लिहून मोकळे होऊ नका. जाहीर फाइलमध्ये क्रेडिट स्कोअर नसतो, आणि बँकेचं पहिलं उत्तर तेच असेल. अर्जातच ही मर्यादा लिहून ती कशी ओलांडणार हे सांगितलंत तर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. बिल डेडमन यांनी १९८८ मध्ये अटलांटात बँकांच्या कर्जनोंदींवरूनच दाखवून दिलं होतं की सारख्याच उत्पन्नाच्या वस्त्यांपैकी गोऱ्या वस्त्यांना कर्जं कितीतरी जास्त मिळतात. पुढच्या वर्षी त्यांना पुलित्झर मिळालं.

१९३०च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवून कृष्णवर्णीय वस्त्यांना लाल शेरा दिला, तेही संदर्भासाठी पाहाच. रिचमंड विद्यापीठाने ते सगळे ऑनलाइन ठेवलेत. फक्त अर्जाची सुरुवात त्या लाल नकाशाने करू नका. गठ्ठ्यातले निम्मे अर्ज तसेच सुरू होतात.

पाचवी पायरी: पिच लिहा

पिच (बातमीचा प्रस्ताव) दोन पानांच्या वर जाऊ नये, पहिला परिच्छेद तर पाच ओळींत संपावा. कच्चा खर्डा साधारण असा येतो:

‘फिलाडेल्फिया हे अमेरिकेतल्या गरीब मोठ्या शहरांपैकी एक आहे. घरमालकी हा संपत्ती निर्माण करण्याचा महत्त्वाचा मार्ग आहे. परंतु अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांना अडथळ्यांना तोंड द्यावं लागतं. या फेलोशिपद्वारे मी या अडथळ्यांचा वेध घेईन आणि आवाज नसलेल्यांना आवाज देईन.’

यात खोटं काही नाही, पण हातात धरता येईल असंही काही नाही. ‘आवाज नसलेल्यांना’ हे शब्द तर कायमचे टाकून द्या. आईच्या घरात राहणाऱ्या त्या बाईला आवाज आहे, ती तीन कार्यालयांत भांडून आली आहे. तोच खर्डा असा बदलता येईल:

‘आई वारल्यावर अकरा वर्षांनीही तिच्या घराचा कागद आईच्याच नावावर आहे, म्हणून छताच्या दुरुस्तीची शहराची मदत तिला मिळत नाही. अशा १०,०००हून जास्त घरांची नोंद २०२१ मध्ये झाली. शहराने त्यासाठी मदतनिधी ठेवला आहे. तो घेतलेल्यांपैकी किती जणांच्या नावावर घर झालं आणि किती मध्येच अडकले, हे मी वारसा नोंदणीच्या कागदांतून आणि माहिती अधिकारातून मिळणाऱ्या निधीच्या नोंदींतून तपासणार आहे. दोन कुटुंबं बोलायला तयार आहेत. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या एका वकिलाने प्रक्रिया समजावून दिली आहे.’

इथे माणूस आहे, आकडा आहे, कोणाला जाब विचारायचा ते आहे, कागद कुठून येणार ते आहे, आणि तुम्ही आधीच दार वाजवलंय याचा पुरावा आहे. उत्तर काय निघेल हे मुद्दाम सांगितलेलं नाही. ते आधीच ठाऊक असल्यासारखं लिहिलंत तर शोधायचं काय उरलं, असा प्रश्न येतो. (मुख्य पात्राचं नाव तिच्या परवानगीशिवाय पिचमध्येही घालू नका. अर्ज किती जण वाचतात कोणाला ठाऊक.)

बऱ्याच फेलोशिपना हल्ली उपायांवरची पत्रकारिता हवी असते. म्हणजे एखादी योजना यशस्वी झाली म्हणून आरती ओवाळायची नाही. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनमध्ये २०१९ पासून १२५ रहिवाशांना महिन्याला बिनशर्त ५०० डॉलर दिले गेले. बॉस्टनच्या डडली स्ट्रीटवर रहिवाशांच्या संघटनेने १९८८ मध्ये पडीक जमीन सक्तीने संपादित करण्याचा अधिकार मिळवला. असं काही मांडताना ते कसं चाललं, पुरावा काय, दुसरीकडे का जमेल किंवा जमणार नाही, आणि कुठे तोकडं पडलं, या चारही गोष्टी याव्यात. शेवटची बहुतेक जण गाळतात.

सहावी पायरी: ‘तुम्हीच का?’

या निबंधात मराठी मुलांची दोन टोकं दिसतात. एक, आजी-आजोबांच्या कष्टांची कहाणी सांगून डोळ्यांत पाणी आणणारे. दोन, वर्णाचा उल्लेखच टाळून गुणवत्तेची यादी देणारे. दोन्हींतून तुम्ही या वस्तीत कसे वावराल हे कळत नाही.

रॉबर्ट मेनार्ड यांनी पत्रकारांना पाच भेगा तपासायला शिकवलं: वंश, वर्ग, लिंग, पिढी आणि भूगोल. आपण प्रत्येक भेगेच्या कोणत्या बाजूला उभे आहोत हे ठरवायचं, मग समोरचा कुठे आहे ते पाहायचं. आपल्या लोकांनी त्यात जात जोडावी. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये चांगल्या शाळेच्या हद्दीत घर, आईवडील दोघेही आयटीत, घरात पिढ्यान् पिढ्या शिक्षण, अशा मुलीने नॉर्थ फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय बाईशी ‘आपण दोघी रंगाने सारख्या’ म्हणून नातं जोडायला जाऊ नये. समितीवरही अशा वस्त्या जवळून ओळखणारे लोक असतात, त्यांना ते लगेच खटकतं. त्याऐवजी तिने असं लिहावं: मी या वस्तीची नाही, दीड वर्षं तिथल्या समाजकेंद्रात करभरणा शिबिरात काम करतेय, लोक मला ओळखतात, आणि जे मला दिसणार नाही ते दाखवायला अमुक स्थानिक संपादक माझ्याबरोबर आहेत. साधं आहे, आणि चालतं.

उरलेली कागदपत्रं, पैसे, करार

कात्रणं तीन पाठवा, त्यातलं एक तरी कागदपत्रं किंवा आकडे खणून केलेलं असावं. शिफारसपत्र प्रसिद्ध प्राध्यापकापेक्षा तुमचा मजकूर तपासलेल्या संपादकाकडून घ्या, आणि मुदतीच्या तीन आठवडे आधी मागा. अनुदान असेल तर बातमी छापणाऱ्या संपादकाचं पत्र बहुतेक ठिकाणी लागतंच, म्हणून आधी संपादक गाठा, मग फंड.

बजेटमध्ये स्वतःची मजुरी लिहायला लाजू नका. ५,००० डॉलरचं अनुदान असेल आणि सगळं प्रवास व कागदांच्या फीमध्ये दाखवलंत, तर सहा महिने तुम्ही खाणार काय, हा प्रश्न वाचणाऱ्यालाही पडतो. दुभाषा, तथ्यतपासणी, छायाचित्रं यांच्या ओळी घाला. लहान मूल असेल तर पाळणाघराचा खर्च चालतो का, हे विचारा. फेलोशिपचे पैसे पगार म्हणून येणार की स्वतंत्र कंत्राटदाराच्या १०९९ फॉर्मवर, हेही आधीच विचारून ठेवा. १०९९ असेल तर कर कापून येत नाही. तो तुम्हाला दर तिमाहीला भरावा लागतो, आणि आरोग्य विमाही तुमचा तुम्हालाच पाहावा लागतो. ५०,००० डॉलरची विमा असलेली जागा ही विमा नसलेल्या ५५,००० डॉलरच्या जागेपेक्षा बहुतेक वेळा बरी पडते.

मुलाखतीत दोन प्रश्न जवळजवळ नक्की येतात: कागद मिळाले नाहीत तर काय, आणि उत्तर तुमच्या अंदाजाच्या उलट निघालं तर काय. पहिल्यासाठी दुसरा मार्ग तयार ठेवा. दुसऱ्याला ‘तर तेच छापेन’ एवढं पुरतं, फक्त ते मनापासून म्हणा.

निवड झाली की सही करण्याआधी करारात लेखाचा हक्क कोणाकडे, दुसरीकडे पुनर्मुद्रण करता येतं का, आणि बदनामीचा दावा झाला तर वकील कोण देणार, हे वाचा. शेवटचं कलम नसेल तर लिहून मागा. घरमालक, बँका, शहराची कार्यालयं यांच्यावर लिहिताना नोटिशी येतात. रिपोर्टर्स कमिटी फॉर फ्रीडम ऑफ द प्रेस ही संस्था १९७० पासून पत्रकारांना मोफत कायदेशीर मदत देते, तिचा क्रमांक फोनमध्ये असू द्या.

नकार आला तर कारण विचारणारा एक छोटा ईमेल पाठवा; काही संस्था उत्तर देतात, काही देत नाहीत. पिच मात्र फायलीत ठेवू नका. तीच आठशे शब्दांच्या बातमीच्या आकारात कापा आणि त्या शहरातल्या स्थानिक ना-नफा वृत्तसंस्थेला पाठवा. छापून आली की पुढच्या वर्षीच्या अर्जात ती तिसरं कात्रण म्हणून जाते, आणि तोवर माहिती अधिकाराच्या अर्जांची उत्तरंही हातात पडायला लागलेली असतात.